पाणी भरणाऱ्या बायका पाण्यात का उतरल्या नाहीत?

आज मी हप्ता, व्याज, पासबुक यातलं काहीच बोलणार नाही. आज बोलायचंय पाण्याबद्दल. नळाला कधी येतं, टँकर कुणाच्या दारात थांबतो, हे आपण रोजच बोलतो. आज बोलू या पाण्यात उतरण्याबद्दल. म्हणजे पोहण्याबद्दल.

गेल्या काही महिन्यांपासून मी गावोगावच्या गटांमध्ये बैठक संपता संपता एक प्रश्न विचारते. तुमच्यापैकी पोहायला कुणाला येतं? दहा-पंधरा बायकांच्या गटात बहुतेक वेळा एकही हात वर होत नाही. एखादी नदीकाठच्या माहेरची असली तर ती लाजत लाजत बोट वर करते. मग मी विचारते, घरातल्या पुरुषांना येतं का? नवऱ्याला, दिराला, भावाला? तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर जातात. असं का, म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. "आम्हाला बाई पाण्याची भीती वाटते."

हे उत्तर मला कधी पटलं नाही. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्यातून एक सवय लागली. एकाच घरात, एकाच विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या भावाला पोहता येतं आणि बहिणीला येत नाही, तर तो स्वभावाचा फरक नसतो. तिथे काहीतरी घडून गेलेलं असतं. आपल्या भीतीलाही असा इतिहास आहे. आज तोच सांगते.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करू. तुम्ही म्हणाल, धाराशिवसारख्या दुष्काळी जिल्ह्यात पोहण्याच्या गोष्टी कशाला? बरोबर आहे. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण पाणी कमी आहे म्हणून माणसं पाण्यापासून लांब राहिली, असं आपल्याकडे कधीच झालं नाही. उलट पाणी जिथे थोडं, तिथे ते खोल असतं. आपल्या विहिरी बघा. वरून वाकून पाहिलं तरी पोटात गोळा येतो. गावचा आड वेगळा, मळ्यातली मोटेची विहीर वेगळी, पायऱ्यांची बारव वेगळी. आडावर पाणी शेंदायचं, बारवेत उतरून घागर भरायची. शेंदायला बाई, उतरायला बाई, वाहून आणायला बाई. दोन हंडे डोक्यावर, एक कळशी कमरेवर. पाण्याशी जितकी ओळख बाईची, तितकी घरात दुसऱ्या कुणाची नव्हती.

पोहायला मात्र शिकला तो मुलगा. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरांची टोळी मळ्यातल्या विहिरीवर जायची. लहान पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे, नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड. पुढे पत्र्याचा रिकामा डबा आला, मग प्लास्टिकचा कॅन, मग ट्रॅक्टरची ट्यूब. काका किंवा मोठा भाऊ कमरेला दोर बांधायचा आणि द्यायचा ढकलून. पोरगं गटांगळ्या खायचं, रडायचं, वर यायचं, पुन्हा पडायचं. आठ-पंधरा दिवसांत त्याचा भोपळा सुटायचा आणि पुढच्या वर्षी तो काठावरून मुटका मारायला तयार. भीती त्यालाही वाटायचीच. पण त्याच्या भीतीजवळ दोर धरून कुणीतरी उभं असायचं. पाण्यात पडलं की पोहता येतं, असं त्याला सांगितलं जायचं. त्याच्या बहिणीला त्याच विहिरीबद्दल सांगितलं जायचं, काठाला जाऊ नको.

बहिणीला का थांबवलं? जुन्या बायकांशी बोलताना मला तीन कारणं पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाली.

पहिलं कारण वेळेचं. पोरं विहिरीत डुंबत असायची त्याच दुपारी पोरी धुणं, भांडी, गोवऱ्या नाहीतर धाकट्या भावंडांत गुंतलेल्या असायच्या. पोहणं शिकायला रोज तास-दीड तास लागतो. तो तास मुलीच्या वाट्याला आलाच नाही.

दुसरं कारण कपड्याचं. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. ते भिजलं की पायात गुंडाळतं आणि खाली ओढतं. लुगडं नेसून घट्ट कासोटा घालणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या घरांतल्या काही बायका पाण्यात सहज वावरायच्या, हेही खरं. पण शेतकरी घरात ओल्या कपड्यातली बाई चारचौघांना दिसणं म्हणजे अब्रू गेली. न्हाणं झालं की अंग कोरडं करूनच बाहेर यायचं, ही आपली शिकवण. मग उघड्या विहिरीत कोण उतरू देणार?

तिसरं कारण धाकाचं. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही पाहिले असतील. त्या साती आसरा. पाण्याच्या देवता. नव्या विहिरीला पाणी लागलं की त्यांना नैवेद्य दाखवतात. श्रद्धेबद्दल मला काही बोलायचं नाही. पण आसरा ओढून नेतात, तरण्या पोरीला आणि ओल्या बाळंतिणीला तर नेतातच, असं सांगून घरोघर मुलींना पाण्यापासून लांब ठेवलं गेलं. आसरांचा धाक मुलीला घातला, तितका त्याच विहिरीत मुटका मारणाऱ्या मुलाला घातला नाही.

आणखी एक गोष्ट जड मनाने सांगते. आपल्या भागात "विहीर जवळ केली" याचा अर्थ सगळ्यांना कळतो. सासरच्या जाचाला, कर्जाला, अपमानाला कंटाळलेल्या किती बायकांचा शेवट विहिरीत झाला, याचा हिशोब कुठल्या वहीत नाही. ज्या विहिरीवर तिने जन्मभर पाणी भरलं, तिथे तिला एकदाही खेळायला मिळालं नाही. मग ती विहीर तिला कामाची वाटणार, नाहीतर मरणाची. दुसरी ओळखच करून दिली नाही. कुणाच्याही मनावर असा भार असेल, तर मैत्रिणींनो, गटात बोला, एकटीने सोसू नका.

आता याच इतिहासाचा दुसरा पदर. सगळ्या पुरुषांना तरी पाणी खुलं होतं का? नव्हतं. पोहायला आधी पाण्याला हात लावायची मुभा लागते. गावात विहिरी जातीप्रमाणे वाटलेल्या होत्या. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, तेव्हा ती केवढी मोठी गोष्ट होती! महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं, पण ते कागदावरच राहिलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतलं. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं आणि कोर्टातला वाद १९३७ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला. एक ओंजळ पाणी घेण्यासाठी दहा वर्षांची लढाई. ज्या वस्तीतल्या लोकांना तळ्याच्या काठाला उभं राहू दिलं नाही, त्या वस्तीतल्या बाईला पाण्याची भीती वाटली, तर ती तिच्या मनाची कमजोरी कशी म्हणायची? तिच्यावर जातीचा पहारा होता आणि बाईपणाचाही.

आपल्या जिल्ह्यातलंच एक ठिकाण मला या विषयावर विचार करताना नेहमी आठवतं. नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणी महाल बांधलाय. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली. पावसाळ्यात बांध भरला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. आतल्या महालात बसलेल्या माणसासमोरून पाण्याचा पडदा पडतो आणि माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वीचं ते बांधकाम आजही टिकून आहे. म्हणजे पाण्याचा जोर किती, तो कसा वळवायचा, कुठे अडवायचा, हे ज्ञान आपल्या मातीत होतं. पण ते ज्ञान राजाच्या आणि कारागिराच्या हातात होतं. महालात बसून पाणी बघणारे वेगळे आणि खाली पात्रात उतरून घागर भरणारी वेगळी.

तीच गोष्ट १९७२ च्या दुष्काळाची. तुमच्या आज्यांना, सासवांना विचारा. त्या वर्षी दुष्काळी कामांवर बायकांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. पाझर तलाव, नाले, रस्ते त्यांच्या हातांनी झाले. पुढे त्या तलावांत पाणी साठलं. त्यांची नातवंडं त्यात पोहली, म्हणजे नातू पोहले. तलाव खणणारी आजी मात्र कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नाही.

मला वाटायचं, हे फक्त आपल्याकडे. वाचायला लागले तेव्हा कळलं, गोऱ्या बायकांचीही हीच गत होती. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १५ जून १९०४ रोजी 'जनरल स्लोकम' नावाची बोट जळाली. चर्चची सहल होती. कामाचा दिवस असल्यामुळे बोटीवर बहुतेक बायका आणि मुलंच. आग लागली, बोट काठापासून फार लांबही नव्हती. पण जीवरक्षक पट्टे कुजलेले निघाले, अंगावर पायघोळ जाड झगे, आणि पोहता येणाऱ्या बायका जवळजवळ नाहीतच. हजाराहून जास्त जीव गेले. काठ डोळ्यांना दिसत असताना गेले. त्यानंतर तिथल्या लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला की बायकांना पोहायला शिकवणं ही चैन नाही.

पण रस्ता तिथेही सोपा नव्हता. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या पोहण्याच्या शर्यती १८९६ पासून होत होत्या. बायकांना पहिली संधी मिळाली ती १९१२ मध्ये, स्टॉकहोमला. न्यूयॉर्कमध्ये शार्लट एप्स्टाइन नावाच्या बाईंनी १९१७ मध्ये बायकांची पोहण्याची संस्था काढली. त्या कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी करायच्या. नोकरदार बायकांनी एकत्र येऊन काढलेली संस्था, म्हणजे एका अर्थी आपल्यासारखा गटच की! त्याच संस्थेत शिकलेली गरट्रूड एडरली ही एका खाटकाची मुलगी. १९२६ मध्ये ती इंग्लिश खाडी पोहून गेली. आदल्या वर्षीचा तिचा प्रयत्न फसला होता. दुसऱ्या वेळी तिला साडेचौदा तास लागले आणि तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा तिचा वेळ कमी होता. बाईचं शरीर पाण्यासाठी नाजूक आहे, असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी बंद झाली.

आपल्या देशातही अशा बायका झाल्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला मुंबईची डॉली नाझीर आणि कलकत्त्याची आरती साहा या दोघी पोहायला गेल्या. आरती तेव्हा अवघी अकरा वर्षांची. १९५९ च्या ऑगस्टमध्ये तिने इंग्लिश खाडी पोहायचा प्रयत्न केला, तो फसला. महिनाभरात, २९ सप्टेंबरला ती पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत पलीकडे पोचली. ही खाडी पोहणारी ती आशियातली पहिली बाई. पुढच्या वर्षी तिला पद्मश्री मिळाली.

तुम्ही म्हणाल, या तर लहानपणापासून शिकलेल्या. आमची चाळिशी आली, आमचं काय? त्यासाठी आपल्या महाराष्ट्रातलं एक नाव सांगते. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहण्याचा सराव धरला. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. ज्या वर्षी आपल्या आज्या दुष्काळी कामावर पाट्या वाहत होत्या, त्याच वर्षी पाय न हलवता येणारा एक मराठी माणूस हातांच्या बळावर पाणी कापत होता. पाण्याला वय आणि पाय दोन्ही फारसे विचारावे लागत नाहीत, हे त्यांच्याकडून शिकावं.

आता पदकं बाजूला ठेवू. आपल्याला खाडी पोहायची नाही. आपल्याला बुडायचं नाही, एवढंच. आणि बुडण्यात बाई-पुरुष फरक किती मोठा असतो, हे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दाखवलं. इंडोनेशियातल्या आचे भागातल्या काही गावांत ऑक्सफॅम संस्थेने पाहणी केली, तेव्हा वाचलेल्यांत एका बाईमागे जवळजवळ तीन पुरुष निघाले. कारणं अनेक होती. बायका घरात होत्या, पोरं कडेवर होती, ओढणारे कपडे अंगावर होते. त्यातलं एक कारण असं की पुरुषांना पोहता येत होतं, झाडावर चढता येत होतं, बायकांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्या लाटेनंतर श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर बायकांना, वाढत्या वयाच्या मुलींना मोफत पोहायला शिकवण्याचं काम सुरू झालं. शिकवणाऱ्याही बायकाच. आपल्या केरळात आलुवा इथे पेरियार नदीत लहानांबरोबर साठी-सत्तरीची माणसंही पोहायला शिकली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडणं टाळण्याचा दिवस म्हणून जाहीर केला.

समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे. पण पाणी आता आपल्या दारात आलंय. एक म्हणजे शेततळी. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि माळावर जागोजागी शेततळी झाली. पाणी टिकलं, पिकं वाचली, चांगलंच झालं. पण त्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. उतार गुळगुळीत, त्यावर शेवाळ. पाय घसरला की वर येता येत नाही. पोहणारा सुद्धा तिथे दमतो. मोटर चालू करायला गेलेली बाई, पाणी बघायला वाकलेलं लेकरू, त्याला काढायला उडी मारणारी आई, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात ऐकतो. दुसरं म्हणजे पूर. २०२१ च्या सप्टेंबरात तेरणा-मांजराकाठी आणि २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पाणी असं चढलं की माणसांना बोटीतून, हेलिकॉप्टरने काढावं लागलं. दुष्काळी जिल्हा म्हणून आपण पुरासाठी तयारच नव्हतो. तेव्हा "आपल्याकडे पाणीच कुठंय" हे म्हणणं आता सोडून द्यायला हवं.

मग भीतीचं काय करायचं? मी स्वतः पस्तिशीच्या उंबरठ्यावर शिकले, म्हणून थोडं सांगू शकते. एका तलावावर बायकांची वेगळी वेळ होती, तिथे गेले. गुडघ्याखाली येणारा, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मिळतो, तो घेतला. पहिले चार दिवस मी फक्त पायरीवर पाय सोडून बसले. आमच्या बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आधी पाण्याला तोंड दाखव. म्हणजे तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा, बुडबुडे काढायचे. हे तर घरी घंगाळात, बादलीतही करता येतं. पाण्यात श्वास सोडायचा आणि वर येऊन घ्यायचा, ही एक गोष्ट जमली की निम्मी भीती जाते. कारण घाबरलेला माणूस श्वास अडकवून धरतो आणि सगळी धडपड तिथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट तरंगण्याची. ती समजायला मला तेरच्या विटांनी मदत केली. तेर म्हणजे आपलं जुनं तगर, गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या जुन्या बांधकामातल्या काही विटा पाण्यावर तरंगतात. मातीत तूस मिसळून त्या भाजल्या, आतलं तूस जळलं आणि विटेत बारीक पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत हवा, म्हणून वीट तरंगते. आपलंही तसंच आहे. छातीत हवा भरलेली असली की माणसाचं शरीर पाण्यापेक्षा जड भरत नाही. पाणी उचलून धरतंच. पण आपण घाबरून मान वर काढतो, आणि मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात. डोकं पाण्यावर टेकवून, कान पाण्यात बुडवून, पोट वर करून पडलं की शरीर आपोआप आडवं होतं. हंडा भरताना आपण रोज बघतो की! रिकामा हंडा पाण्यावर डोलतो, त्याला तिरका करून बुडवावा लागतो. आपल्या डोक्यावरून हजारो हंडे गेले. त्यातली ही गोष्ट मात्र कुणी आपल्या अंगाला लावून दाखवली नाही.

मी अकराव्या दिवशी पाठीवर तरंगले. आकाश दिसत होतं, कानात नुसता घुमणारा आवाज. माझ्याबरोबर बावन्न वर्षांच्या एक मावशी होत्या, त्या माझ्या आधी तरंगल्या. नंतर काठाला पाय लावून सरकणं, मग पाय मारणं, शेवटी हात. महिन्याभरात मला तलावाची रुंदी पार करता आली. भीती संपली का? नाही. खोल पाण्याकडे जाताना अजूनही छातीत धडधडतं. पण आता ती भीती मला सावध करते, गोठवत नाही.

मैत्रिणींनो, हे ऐकून उद्या कुणी विहिरीत किंवा शेततळ्यात उतरू नका. शिकायचं ते छातीएवढ्या पाण्यात, शिकवणाऱ्या माणसासमोर, आणि एकटीने कधीच नाही. दम्याचा, हृदयाचा, फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्यांना शिकणं शक्य नाही, त्यांनीही तीन गोष्टी कराव्यात. शेततळ्याला कुंपण घाला. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा आणि काठावर एक फुगवलेली ट्यूब टांगा. कुणी बुडताना दिसलं तर पोहता येत नसताना उडी मारू नका. आडवं झोपून साडी, दोर, काठी टाका, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. तोंड खाली करून पाण्यात दाबून धरलेली रिकामी घागरही माणसाला काही वेळ वर ठेवते.

आणि गटाने एक काम करावं, असं मला वाटतं. आपण पै पै जमवून शेळ्या घेतल्या, शिलाई मशीन घेतल्या, मुलींच्या शिक्षणाला कर्ज दिलं. जवळच्या शहरातल्या तलावावर आठवड्यातून दोन दिवस तासभर फक्त बायकांसाठी मिळावा आणि शिकवायला बाई असावी, असा अर्ज गटांनी मिळून द्यायला काय हरकत आहे? एका बाईने मागितलं तर हसतील. वीस गटांच्या सह्या असल्या तर कागद पुढे सरकतो, हे आपण रेशनपासून रस्त्यापर्यंत अनुभवलंय. सोबत आपल्या मुलींची नावंही द्या. त्यांना हे पस्तिशीत शिकावं लागू नये.

शेवटी तुमच्याकडून एक हवंय. मी आज जेवढं सांगितलं, ते पुस्तकात सापडलेलं. पण आपल्या गावांतल्या, पोहणाऱ्या बायकांचा इतिहास कुठे लिहिलेला नाही. अशा बायका होत्या, हे मला नक्की माहीत आहे. कुणाची आजी रात्री, सगळे झोपल्यावर मळ्यातल्या विहिरीत पोहायची म्हणतात. कुणाच्या आत्याने पुरातून वासरू ओढून आणलं होतं. कुणी लग्नाआधी नदी पार करायची आणि लग्नानंतर तिने ते कधी कुणाला सांगितलंच नाही. तुमच्या घरात, गल्लीत अशी कुणी असेल तर तिला विचारा. ती कुठे शिकली, कुणी शिकवलं, काय नेसून उतरायची आणि पोहणं कधी सुटलं. मग आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात तिच्या तोंडून ऐकू.